कोपरहून ब्लेड: आधी किल्ला, मग तळं

एड्रियाटिक क्रूझचं जहाज स्लोव्हेनियात कोपरला थांबणार असेल, तर तळ्याकाठचं ब्लेड गाव एका दिवसात होतं. फक्त घड्याळावर नजर हवी. अंतर साधारण १५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चारेक तास रस्त्यातच जातात. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर सहसा जहाज थांबतं. स्वतःच्या टॅक्सीसाठी मात्र थांबत नाही. स्वतः जाणार असाल तर परतीला दीड-दोन तास हातचे राखा. भाड्याच्या गाडीला महामार्गाचा ई-विनेट (टोलचा ऑनलाइन पास) आहे ना, तेही विचारून घ्या.

पोहोचल्यावर आधी किल्ला गाठा. १०११ सालच्या दस्तऐवजात त्याचा उल्लेख आहे. तळ्यापासून सुमारे १३० मीटर उंच कड्यावरच्या त्याच्या गच्चीतून बेट, चर्च आणि मागे ज्युलियन आल्प्स एका नजरेत येतात. बेटावर नावेने जाऊन ९९ पायऱ्या चढायचा मोह होतो, पण वेळ कमी असेल तर मी तो सोडेन, क्रेमश्निटा (इथला प्रसिद्ध क्रीम केक) नाही!

आणि हो, क्रूझच्या वाटेत माँटेनेग्रोतलं कोटोर असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच मागा, कारण माँटेनेग्रो शेंगेनबाहेर आहे.