व्हीगन पाहुण्यासाठी वाढदिवसाचा केक: खचू नये म्हणून

व्हीगन म्हणजे मांस, अंडीच नाही तर दूध-दही-तूपही न खाणारा, म्हणून बेकरीचा ‘एगलेस’ केक इथे चालत नाही. त्यात बहुधा कंडेन्स्ड मिल्क नाहीतर दही असतं. घरचा पहिला केक मधोमध खचला, कारण व्हिनेगर घातल्यावर मिश्रण तसंच ठेवलं आणि खायच्या सोड्याचा वायू उडून गेला.

आता ओव्हन आधी 180 अंशांवर तापवायचा. दीड कप मैदा, 1 कप साखर, 3 मोठे चमचे कोको, 1 छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ चाळून घ्यायचं. त्यात 1 कप पाणी, पाव कपाहून जरा जास्त तेल, सगळ्यात शेवटी 1 मोठा चमचा व्हिनेगर. बुडबुडे दिसले की लगेच आत, 30-35 मिनिटं.

केकसोबत बटाटेवडे बिनधास्त द्या. पावावर मात्र बऱ्याचदा बटरचा हात फिरवलेला असतो, तेवढं बेकरीत विचारा.