सॉफ्टवेअर घेण्याआधी गोडाउनची पाटी वाचा

मुंबईच्या लोहार चाळीत वायर-केबलच्या पेढीवर बावीस वर्षं हिशेब बघतेय. सॉफ्टवेअर तीनदा बदललं, त्यात दोनदा पैसे पाण्यात.

डेमोला बसायच्या आधी आठ दिवस एकच काम करा. कॉम्प्युटर समोर असूनही माणसं कागदावर काय खरडतात ते बघा. आमच्याकडे स्टॉकमध्ये केबल ३४० मीटर दिसायची. गिऱ्हाइकाला हवी ९०, सलग. गोडाउनमध्ये मात्र ८०, ७५, ७०, ६० आणि ५५ असे पाच तुकडे! कॉम्प्युटर म्हणतो माल आहे, हमाल म्हणतो नाही, आणि हमालच खरा. म्हणून गोडाउनवाला प्रत्येक तुकडा खडूने पाटीवर लिहायचा. तुमच्याही धंद्यात अशी एक पाटी असणारच.

मोठा प्लॅटफॉर्म, म्हणजे सगळा धंदा सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर, विकणाऱ्याला तीच पाटी दाखवा. "हे आत्ता, माझ्यासमोर करा." "सगळं कॉन्फिगर होतं, मॅडम," यावर भागवू नका. होतं, खरंच होतं. प्रत्येक तुकड्याला बॅच नंबर दिला की झालं. पण मग आमच्या एका चलनाला अकरा रकाने भरायची वेळ आली, आणि दुपारच्या गर्दीत पोरं गुपचूप पाटीकडे परतली. सेटिंग करणाऱ्याचं बिल लायसन्सपेक्षा मोठं झालं ते वेगळंच.

मग एका पोराकडून स्वतःचं बनवून घेतलं. तुकडे झकास मोजायचं. हावरटपणा आमचा, जीएसटीही त्यातच बसवला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागलं, तोवर पोरगा नोकरीला लागून पुण्याला. पासवर्डही त्याच्याच डोक्यात.

सरकार ज्याचे नियम बदलतं ते तयार पॅकेजात ठेवा. आमचं टॅलीत आहे. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाला एडिट लॉग, म्हणजे कुठली नोंद कधी काय बदलली याची नोंद, १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा, तोही तिथे मिळतो. तुकड्यांचा प्रोग्रॅम वेगळा, छोटा. रात्री एक एक्सेल फाइल इकडून तिकडे जाते. दिसायला गावठी, पण चालतं.

बनवून घेताना सर्व्हर आणि डोमेन पेढीच्या नावावर घ्या, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, लेखी मागा. शेवटचा हप्ता मात्र हातात धरून ठेवा. दुसऱ्याच कुणा प्रोग्रॅमरने तो कोड नव्या मशीनवर चालवून दाखवला की मगच चेक फाडा.