डिशवॉशरचा आवाज वाढलाय? दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी या चुका टाळा

डिशवॉशर आवाज करायला लागला की पहिला संशय मोटरवर जातो. पण भांडी कशी लावलीत, मशीन कशावर उभं आहे आणि तळाशी काय अडकलंय, हे आधी बघायला हवं. बहुतेक आवाजांचं मूळ तिथेच सापडतं. त्यासाठी काहीही न उघडता एक अख्खी सायकल कान देऊन ऐका. आवाज नेमका कधी येतो हे कळलं की अर्धं काम झालं.

धुणं चालू असताना ठरावीक लयीत ठक-ठक होत असेल, तर स्प्रे आर्म, म्हणजे पाणी फवारणारा फिरता दांडा, भांड्यावर आपटतोय. आपल्याकडे हे फार होतं, कारण बऱ्याच रॅकची रचना बशा-प्लेटांच्या बेताने केलेली असते आणि आपण त्यात कढई, कुकर, परात बसवतो. खालच्या रॅकमधलं उंच पातेलं वरच्या आर्मला लागतं. वरच्या रॅकमधल्या झाऱ्याचा दांडा जाळीतून खाली डोकावतो. चमच्यांच्या टोपलीतून एखादा बारीक चमचा निसटतो आणि खालच्या आर्मला अडवतो. दार लावण्यापूर्वी दोन्ही आर्म हाताने एक फेरी फिरवून बघायची सवय लावून घ्या. आर्म पूर्ण अडला तर ठक-ठक थांबेल, पण एका बाजूची भांडी खरकटी राहतील. अनेक मशीनमध्ये वरचा रॅक वर-खाली करता येतो, तो कढईच्या दिवशी वर घ्या. स्टीलच्या हलक्या वाट्या पाण्याच्या माऱ्याने उचलल्या जाऊन खणखणतात. त्या एकमेकींना खेटून न ठेवता खुंट्यांमध्ये तिरक्या अडकवा.

दुसरी चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते: डिशवॉशर फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या चाकांच्या स्टँडवर ठेवणं. खाली फरशी पुसता यावी म्हणून लोक हे करतात. पण स्टँड डगमगतं, त्याचा पातळ पत्रा कंप पावतो आणि आवाज वाढतो. शिवाय दार उघडून भरलेला खालचा रॅक बाहेर ओढला की सगळा भार पुढे येतो आणि मशीन कलंडण्याचा धोका असतो. मशीन थेट फरशीवर ठेवा. त्याचे पाय फिरवून कमी-जास्त करता येतात. मोबाइलमधल्या लेव्हल अ‍ॅपने सपाटी तपासा आणि मशीनचा एक-एक कोपरा दाबून ते हलतंय का बघा. ओट्याखाली बसवलं असेल तर बाजूच्या कपाटाला किंवा भिंतीला ते टेकू देऊ नका. मागचा ड्रेन पाइपही भिंतीवर थरथरतो, तो क्लिपने बांधून टाका. आवाज दाबायला भोवती थर्माकोल किंवा फोम मात्र कोंबू नका. तिथे वाफ आणि ओल अडकते.

पाणी बाहेर टाकताना खरखर किंवा करकर ऐकू आली तर ड्रेन पंपात काहीतरी गेलंय. लिंबाची बी, चिंचोका, हाडाचा तुकडा, फुटलेल्या काचेची कपची, काहीही असू शकतं. प्लग काढा, फिल्टर फिरवून बाहेर घ्या, साचलेलं पाणी स्पंजने टिपा. पुष्कळ मॉडेलमध्ये पंपावरचं छोटं झाकण हाताने निघतं. काचेची शक्यता असते, म्हणून जाड हातमोजे घाला. पंपाची पाती फिरवताना अडखळत फिरतात, ते चुंबकामुळे. तो बिघाड नव्हे. भांडी विसळून ठेवायची गरज नाही, पण खरकटं झाडून टाका आणि फिल्टर दर आठवड्याला धुवा. फिल्टरशिवाय मशीन कधीच चालवू नका.

भांडी घासायचं साधं लिक्विड घातलं तर फेस होतो. पंपात पाण्याबरोबर हवा जाते आणि तो घरघरायला लागतो. डिटर्जंट डिशवॉशरचंच हवं.

पाणी भरताना येणारा आवाज मात्र नळजोडणीचा असतो. गच्चीवरच्या टाकीला लागून असलेल्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर दाब कमी पडतो. १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे टाकी ३ मीटर वर असेल तर जेमतेम ०.३ बार. मग मशीन बराच वेळ सूंऽऽ करत भरत राहतं. इनलेटची, म्हणजे मशीनमध्ये पाणी शिरतं तिथली, जाळी क्षाराने बुजली असेल तरीही तेच होतं, ती आधी साफ करा. उलट सोसायटीत प्रेशर पंप असेल तर व्हॉल्व्ह बंद होताना पाइपमध्ये धाडकन ठोका बसतो. मशीनला पाणी देणारा अँगल कॉक थोडा बंद करून बघा.

काही आवाज नेहमीचेच असतात: डिटर्जंटचं झाकण उघडल्याची टिक, पाणी जाताना गुडगुड, वर-खालच्या आर्ममध्ये पाणी आलटून-पालटून गेल्याने बदलणारा सूर. पण मशीन रिकामं असतानाही धुण्याच्या वेळी सलग घूंऽऽ येत असेल आणि दिवसेंदिवस वाढत असेल, तर मुख्य पंपाचं बेअरिंग तपासून घ्यावं लागेल. ते घरी उघडू नका. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, सायकल सुरू होऊन किती मिनिटांनी आला ते लिहून ठेवा आणि दुरुस्तीला येणाऱ्याला दोन्ही द्या.