गोठ्याच्या पाण्याला ऊन दाखवताना

दुभत्या गाईला कासदाह (कासेची सूज) झाला की पशुवैद्यक अनेकदा ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा तत्सम प्रतिजैविक टोचतात. त्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘प्रकाशापासून दूर ठेवावे’ अशी सूचना असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. औषध टिकवायचे असताना जी अडचण ठरते, तीच ते नष्ट करायचे असताना उपयोगी पडते. जनावराच्या अंगी न लागलेले औषध शेणामूतावाटे बाहेर पडते, गोठा धुतला की नालीतून पऱ्यात (लहान ओढ्यात) आणि पऱ्यातून खाडीत जाते. तेथे ते अल्प मात्रेत का होईना, पण सतत येत राहिले, तर त्या औषधाला न जुमानणारे जिवाणूच मागे उरून वाढतात. म्हणून उपचार चालू असताना आणि त्यानंतरचे काही दिवस हे पाणी थेट वाहू न देता त्याला ऊन दाखवावे.

ऊन दोन वाटांनी काम करते. औषधाचा रेणू स्वतः किरण शोषून फुटतो, ही पहिली वाट. टेट्रासायक्लिन गटातील औषधे 360 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अतिनील किरण चांगले शोषतात, त्यामुळे ती उन्हात लवकर मोडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, एन्रोफ्लॉक्सासिन यांच्या गटाचेही तसेच आहे. सल्फा औषधांना मात्र त्याहून आखूड तरंगलांबीचे किरण लागतात. दुसरी वाट आडवळणाची आहे. पाण्यात विरघळलेली पालापाचोळ्याची तांबूस द्रव्ये आणि नायट्रेट ऊन शोषून अल्पजीवी पण आक्रमक असे ऑक्सिजनयुक्त घटक निर्माण करतात आणि ते औषधाच्या रेणूवर हल्ला करतात. एरिथ्रोमायसिनसारखी औषधे सूर्यप्रकाश थेट शोषत नाहीत, ती मुख्यतः याच वाटेने आणि संथपणे मोडतात. पेनिसिलिनचे ऊन फारसे वाकडे करत नाही. त्याच्या रेणूतले अणूंचे कडे पाण्यानेच हळूहळू उघडते.

यावरून टाकी कोठे आणि कशी बांधायची, हे ठरते. आमची पहिली टाकी सोयीची म्हणून गोठ्यामागे, फणसाच्या सावलीत बांधली गेली. पंधरवड्यातच पाणी कोऱ्या चहासारखे झाले आणि तळ दिसेनासा झाला. तांबूस रंगाची थोडी मदत होते हे खरे, परंतु रंग गडद झाला की वरचा वीतभर थरच सारे ऊन खाऊन टाकतो आणि खालचे पाणी अंधारात राहते. म्हणून माडापोफळीच्या आगरातील जागा टाळून मोकळ्या कातळावरची, दिवसभर उन्हातली जागा निवडावी. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) टाकी आतून सिमेंटने गिलावा करून घ्यावी, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि त्याच्या भेगांतून झिरपलेले पाणी विहिरीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. टाकी खोल नको, पसरट हवी. पाण्याची उंची 20 ते 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये.

शेण आधी वेगळे काढून खताच्या खड्ड्यात टाकावे. उरलेले पाणी लहान हौदात एक रात्र निवळू द्यावे आणि वरचे निवळ पाणीच टाकीत घ्यावे. ते पुरेसे निवळ आहे का, हे पाहण्यासाठी उपकरण लागत नाही. तळाशी एक पांढरी बशी ठेवावी आणि काठावर उभे राहून तिची कड स्पष्ट दिसते का, ते पाहावे. दिसत नसेल, तर पाण्याची उंची कमी करावी किंवा ते पुन्हा निवळू द्यावे.

टाकीवर झाकण म्हणून काच किंवा पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा घालू नये. साधी काच सुमारे 320 नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण बहुतांशी अडवते, आणि पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यातून तर अतिनील किरण जवळजवळ जातच नाहीत. आत लख्ख उजेड दिसतो, औषध मात्र बऱ्याच अंशी तसेच राहू शकते. पानगळ अडवायची असेल, तर विरळ जाळी पुरेशी आहे.

ऑक्टोबर ते मे या काळात पाणी चार दिवस ठेवावे. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेतील ऊन सर्वांत कामाचे असते. आठवडाभर मात्र पाणी साठू देऊ नये, नाहीतर डासांची पैदास होते.

खात्री पटवून घ्यायची असेल, तर रिकाम्या बाटलीतील ऑक्सिटेट्रासायक्लिनचे दोन थेंब हातमोजे घालून पाण्यात मिसळावेत, ते फिकट पिवळे पाणी दोन उथळ बशांत ओतावे आणि एक बशी उन्हात, दुसरी बंद कपाटात ठेवावी. उन्हातले पाणी हळूहळू तपकिरीकडे झुकते, कपाटातले पिवळेच राहते. रंग बदलला म्हणजे पाणी निर्धोक झाले, असे मात्र समजू नये. रेणू फुटल्यावर उरणाऱ्या तुकड्यांपैकी काहींत जिवाणू मारण्याची शक्ती शिल्लक राहू शकते आणि टेट्रासायक्लिनचे काही तुकडे तर मूळ औषधापेक्षा विषारी असल्याचे प्रयोगशाळांत दिसले आहे. म्हणून उन्हातून निघालेले पाणीही पऱ्यात सोडू नये. विहिरीपासून दूर असलेल्या माडांच्या आळ्यांत जिरवावे. पालेभाजीला ते देऊ नये.

टाकीतल्या गाळाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. टेट्रासायक्लिन गाळाला घट्ट चिकटते आणि गाळाच्या आत ऊन शिरत नाही, त्यामुळे वरचे पाणी साफ झाले तरी तळाशी औषध साचत राहते. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, टाकी पूर्ण रिकामी करून गाळ खरवडावा आणि शेणखताच्या ढिगात मिसळून तो ढीग झाकून ठेवावा. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते आणि टाकी उतू जाऊन सारे पऱ्यातच जाते, म्हणून ती तोपर्यंत कोरडी करून पालथ्या पत्र्याखाली बंद ठेवावी.