कापडी कुंडी वरून ओली, आतून कोरडी? खालून पाणी पाजा

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या कापडी ग्रो बॅगेत पाणी घातलं की ते बाजूंनी भराभर गळून जातं आणि टोमॅटो, मिरची संध्याकाळी पुन्हा मान टाकतात. एकदा पूर्ण सुकलेली माती पाणी लवकर शोषत नाही. शिवाय माती आकसून कापडापासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निसटतं.

१. बोट दोन इंच मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पुढचं करा.
२. बॅग पसरट टबात किंवा घमेल्यात ठेवून टबात ३-४ इंच पाणी भरा. १२ × १२ इंचांची भरलेली बॅग चांगलीच जड असते. दोघांनी तळाला हात देऊन उचला, नुसत्या कानांना धरलं तर शिवण उसवते.
३. वरून मगभर पाणी अगदी सावकाश सोडा.
४. अर्ध्या-पाऊण तासात वरची माती गडद दिसू लागते. पाणी आटलं तर पुन्हा भरा.
५. बॅग दोन विटांवर ठेवून निथळू द्या, कडेची माती बोटांनी दाबून फट बुजवा.

वर दोन इंच वाळका पाला किंवा उसाचं पाचट पसरलंत तर ही वेळ क्वचितच येईल. आच्छादन खोडाला मात्र चिकटू देऊ नका.

बॅग रात्रभर पाण्यात ठेवू नका, मुळं गुदमरून कुजतात.