घरभेटीला जाताना काय विचारावं आणि काय विचारू नये

आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत, म्हणजे गरजू घरांना भेटून मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेत, नवीन सभासद आले की पहिल्या बैठकीनंतर ते माझ्या ताब्यात येतात. मी खजिनदार. पावत्या कशा फाडायच्या, वही कशी लिहायची हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. बाकी सगळा वेळ जातो तो घरभेट कशी करायची हे सांगण्यात. दरवेळी तेच बोलते, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

नोकरीभर मी बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. माणसाची पत काढणं हेच माझं काम होतं. पगार किती, आधीचे हप्ते वेळेवर गेले का, जामीनदार कोण, दारात गाडी कोणती. त्यात काही गैर नाही, कारण कर्ज परत यायचं असतं. मदत परत यायची नसते, मग पत कशाला काढायची? इथे पाहायचं एवढंच, की या घरात आज नेमकं काय अडलं आहे आणि त्यातलं किती आपल्याच्यानं सुटेल. कोणामुळे अडलं ही चौकशी आपल्या खात्यात येत नाही.

हे माझं डोकं नाही. चौथ्या शतकात अंत्युखियात संत योहान ख्रिसोस्तोम यांनी येशूनं सांगितलेल्या श्रीमंत माणूस आणि त्याच्या दाराशी पडलेला गरीब लाजरस यांच्या दाखल्यावर प्रवचनं दिली. त्यात त्यांनी बायबलमधल्या अब्राहामाचं उदाहरण दिलं आहे: दारावरून जाणाऱ्या पांथस्थांना त्यानं घरात घेतलं, कोण-कुठले असा हिशेब मागितला नाही. गरज हीच गरिबाची पात्रता, हे त्यांचं म्हणणं. उलट टोकाचं उदाहरणही आहे. लंडनमध्ये १८६९ साली चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली. त्यांनी घरोघर चौकश्या करून गरिबांची लायक आणि नालायक अशी वाटणीच मांडली. हेतू चांगला होता. दान वाया जाऊ नये, एकाच घरी दोनदा जाऊ नये. पण वाटणी करायला बसलं की मदत करणारा कधी न्यायाधीश होतो ते त्यालाही कळत नाही. आपल्या बैठकीत टेबलाभोवती दहा जण बसतात, त्यातही हे होतं. मी रोज बघते.

आता कामाचं.

जायचं दोघांनी. एकट्यानं नाही, आणि चौघांनी तर मुळीच नाही. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये १८३३ साली आपली ही सोसायटी सुरू केली तेव्हा ते कॉलेजात शिकणारी पोरं होती. ओझानाम वीस वर्षांचा. गरिबांच्या घरी जायचं कसं हे त्यांना पॅरिसच्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांनी शिकवलं. कुठल्या घरी जा हेही त्याच सांगत. तेव्हापासून आपली पद्धत घरी जाण्याची आहे, माणसांना चर्चच्या ऑफिसबाहेर रांगेत उभं करण्याची नाही. चार माणसं गळ्यात बिल्ले अडकवून चाळीत शिरली, की अख्ख्या चाळीला कळतं कोणाकडे धान्य येणार आहे. बिल्ला पिशवीत ठेवा. आधी फोन करा. जेवायच्या वेळी जाऊ नका. ताटात काय आहे ते आपल्याला दिसू नये असं प्रत्येक घराला वाटतं. आणि मिस्सेचे (चर्चमधल्या उपासनेचे) कपडे बदलून जा. आपण वसईच्या वाडीतून, अंगणात विहीर असलेल्या घरातून नालासोपाऱ्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत जातो, तेवढा फरक पुरे आहे.

चहा दिला तर प्यायचा. "नको नको, तुम्हाला कशाला त्रास" म्हणू नका. उधारीवर आणलेलं दूध असेल तरी प्या. त्या घरानं तुम्हाला काहीतरी दिलं आहे, आता तुम्ही बरोबरीनं बोलू शकता.

आत गेल्यावर डोळे फिरतात. फिरू देत, ते थांबत नाहीत. पण दिसलेलं बैठकीत आणायचं नाही. "त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कोणी "मोठा" म्हणालं की मी वही मिटते. टीव्ही म्हणजे कधीतरी या घरात पैसे होते, किंवा कोणीतरी हप्त्यावर घेतला आणि हप्ते अजून चालू आहेत. आज भाड्याला पैसे आहेत की नाहीत ते टीव्ही सांगत नाही. जुना टीव्ही विकायला काढा, किती येतात बघा. मोबाइलचंही तेच. कामाचा निरोप मोबाइलवर येतो, शाळेचा गृहपाठ मोबाइलवर येतो, रेशनसाठी ओटीपी मोबाइलवर येतो. पोरीच्या नखांना नेलपॉलिश असलं तर असलं. गरिबीचा गणवेश नसतो.

प्रश्न कसे विचारायचे यावरच सगळं अवलंबून आहे. मी नव्यांना सांगते, "का"नं सुरू होणारा प्रश्न गिळा. "किती", "कधी" आणि "कोणाला" हे तीन विचारा.

"भाडं किती महिन्यांचं थकलंय? घरमालक कधीपर्यंत थांबेल? पैसे कोणाच्या हातात द्यायचे?" या उत्तरांवर मदत ठरते. "पैसे कुठे गेले? नवरा काय करतो? एवढी मुलं कशी?" या उत्तरांवर फक्त आपलं मत ठरतं. बाईला सांगायचं असेल तर नवऱ्याचं ती आपणहून सांगेल, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, आणि तेव्हा ऐकायचं. ऐकताना "मग तुम्ही माहेरी का नाही गेलात" हे तोंडाशी येतं. तेही "का"च.

दारूचा प्रश्न बैठकीत सर्वांत जास्त वेळ खातो, म्हणून त्यावर थोडं थांबते. "त्याला दारूला पैसे आहेत आणि आपण तांदूळ द्यायचे?" हो, द्यायचे. तांदूळ चार जण खातात, दारू एक जण पितो. शिधा बंद केला म्हणून दारू सुटल्याचं मी एकही घर पाहिलेलं नाही. पोरांची शाळा सुटल्याची पाहिली आहेत. मात्र दारूच्या घरी रोख कोणाच्या हातात द्यायची हे तुम्ही ठरवू नका, बाईला विचारा. "तुमच्या हातात देऊ, की शाळेत परस्पर भरू?" काही जणी म्हणतात शाळेतच भरा, माझ्या हातात आले की ते काढून घेतात. काही जणी म्हणतात माझ्याच हातात द्या, मी दुकानदाराशी थोडं मागं-पुढं करून औषधंही आणते. घर तिला चालवायचं आहे, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. परस्पर पैसे भरणं ही तिची सोय असेल तर ठीक, शिक्षा म्हणून असेल तर नको. आणि त्या माणसाशीही बोला. तो घरी असेल तर त्याला वगळून बायकोशी बोलत राहू नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, जवळची बैठक कुठे आणि कोणत्या वारी असते एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. एकदाच. तो गेला की नाही यावर शिध्याची पिशवी टांगून ठेवू नका.

खोटं बोलतात का? बोलतात. थोरला मुलगा कमावतो हे लपवतात, दुसऱ्या संस्थेकडून किट आलं ते सांगत नाहीत. कारण कुठेतरी खरं सांगितल्यावर मदत बंद झालेली असते. माणसं शहाणी होतात. असं कळलं तर तोंडावर पकडू नका, शेजाऱ्यांकडे खातरजमा करत फिरू नका. मी एका घरी एवढंच म्हटलं होतं, "मुलाला काम लागलं हे बरं झालं हो. मग भाडं तो बघेल, आपण तुमच्या औषधांचं बघू." रक्कम बदलली, वही बरोबर झाली, आणि त्या बाईला मान खाली घालावी लागली नाही. पुढच्या वेळी तिनंच सगळं खरं सांगितलं. सगळ्याच घरी असं होत नाही, हेही सांगून ठेवते. काही जण फसवून जातात. वर्षाच्या हिशेबात ती रक्कम किती असते ते मी बघते, आणि आपल्या सणाच्या जेवणावळीपेक्षा ती कमीच असते.

चर्चचे प्रश्न तर अजिबात नकोत. मिस्सेला येता का, पोरांना धर्मशिक्षणाला पाठवता का, लग्न चर्चमध्ये झालंय का. आमच्या जुन्या अर्जात "रविवारची हजेरी" असा रकाना होता, तो आम्ही काढून टाकला. त्यावर बरीच वादावादी झाली. एक सभासद म्हणाले, मग आपल्यात आणि सरकारी मदतीत फरक काय? मला वाटतं फरक तिथेच आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तिथे वाँटेजच्या सिस्टर्सनी (जोगिणींनी) त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं आपलं काम दाखवलं. समाजानं पतित ठरवलेल्या बायकांना तिथे प्रेमानं सांभाळत होते. रमाबाईंना हे नवीन होतं. असं का करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या त्या बाईला जाब न विचारता येशूनं आधी तिच्याकडे पाणी मागितलं होतं. पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशन आश्रमात रमाबाईंनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. ज्यांना चर्चमध्ये लग्नाशिवाय राहणाऱ्या जोडप्याला शिधा द्यायला जड जातं, त्यांना मी ही गोष्ट सांगते. प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा. नको म्हणाले तर पिशवी तितकीच भरलेली द्या. हिंदू, मुसलमान, आदिवासी घरांत तर प्रार्थनेचं आपणहून काढूही नका. मदतीच्या बदल्यात धर्म, हा संशय या कामावर फार जुना आहे, तो आपल्या वागण्यानंच जाईल.

देण्याची पद्धत बवाजाकडून शिका. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात तो शेतमालक आहे आणि रूथ ही त्याच्या शेतात आलेली गरीब विधवा. शेताच्या कडेचं पीक आणि पडलेली कणसं गरिबांसाठी सोडायची हा नियमच होता, म्हणजे रूथला सरवा वेचायचा हक्क होता. बवाजानं त्यापुढे जाऊन गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम गळू द्या आणि तिला बोलू नका. रूथला वाटलं असेल आज नशीब चांगलं आहे. आपल्याकडे काय करता येईल? पिशवीवर चर्चचं नाव छापू नका. फोटो काढू नका, देणगीदारानं मागितला तरी नाही. त्याला पावती द्या. वह्या-पुस्तकं वर्गात नाव पुकारून वाटू नका, शाळेच्या ऑफिसात फी भरून या, मुलाला वर्गात बसू द्या. नाताळच्या कार्यक्रमात गरिबांना स्टेजवर बोलावणं ही आपल्याकडची वाईट खोड आहे. ती मोडायला मला अजून जमलेलं नाही.

बैठकीत घराचं नाव नाही, त्याला दिलेला वहीतला नंबर बोलायचा. वहीत रकाने चार: निकड, रक्कम, तारीख, पुढची भेट. "शेरा" नावाचा रकाना ठेवला की त्यात लोक स्वभाव लिहायला लागतात. बैठकीतलं बोलणं मिस्सेनंतर चर्चच्या आवारात येता कामा नये. कोणी विचारलंच तर "आमच्याकडे नाव नसतं" एवढंच म्हणा.

राहिलं नकार देण्याचं. दया म्हणजे प्रत्येकाला हो, असं नाही. बैठकीत फिरणाऱ्या गुप्त पेटीत येतं किती ते मला माहीत आहे. पण नकाराचं कारण आपल्या बाजूचं सांगा, त्यांच्या बाजूचं नाही. "तुम्ही यात बसत नाही" असं म्हणू नका. "आमच्याकडे या महिन्यात तीन हजार शिल्लक आहेत आणि तुमचं हॉस्पिटलचं बिल साठ हजारांचं आहे" असं आकड्यात सांगा. आणि रिकाम्या हातानं पाठवू नका. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. हे बिल झाल्यावर नाही, दाखल होतानाच तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला सांगावं लागतं. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर हवा. टीबीचा पेशंट असेल तर सरकारी नोंदणी झाली आहे का विचारा. टीबीच्या पेशंटला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झाले आहेत, पण बँक खातं जोडलेलं नसलं तर अडकतात. विधवा, एकट्या बायका, अपंग यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना. अर्ज तहसील कार्यालयात. दाखला काढायला बरोबर जा, कारण तिथल्या खिडकीवर माणसाला पुन्हा सगळे "का" ऐकावे लागतात. आणि ज्याला दुसरीकडे पाठवलं त्याचा नंबर "पुढची भेट" या रकान्यात लिहून ठेवा. आठवड्यानं फोन करा, काम झालं नसेल तर तारीख पुढे ढकला, नंबर खोडू नका.