कोकणच्या किनाऱ्यानं दिवसभर चालायला निघालात? मराठवाड्याच्या मंडळींनो, या चुका टाळा

लातूर, बीड, परभणी, संभाजीनगर, फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या इकडचे किती तरी ग्रुप दापोलीकडं किनाऱ्यानं चालायला जायलेत आजकाल. चांगली गोष्ट आहे, जायलाच पाहिजे, पण दरवर्षी त्याच त्याच चुका बघून आता खरंच जीव वैतागलाय. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आधी रस्ता सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अंजर्ल्यातनं पहाटे निघायचं, कड्यावरच्या गणपतीला पाया पडून खाली उतरायचं, खाडीच्या पुलावरनं हर्णैच्या बाजूला यायचं, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, मग मुरुड, कर्दे, आणि शेवटी लाडघर. उत्तरेकडनं दक्षिणेकडंच चालायचं. उलटं चालणारे लई भेटतात आणि दुपारी तोंडावर वारा आणि वाळू खात बसतात, कारण या दिवसांत दुपारनंतर वारा वायव्येकडनं सुटतो, तो पाठीवर असला तर शेवटचे दोन तास निभावतात. फाल्गुन-चैत्रात पांगारा लाल झालेला असतो, आंब्याला कैऱ्या लागलेल्या, काजूची बोंडं पिकायला आलेली, आणि वरच्या सड्यावरनं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरनं, खाली निळं पाणी दिसतं तेव्हा रात्रभर गाडीत बसून आल्याचं सार्थक होतं. पण ही चाल दमवणारी आहे, फिरायला म्हणून आलेल्या माणसाची नाही.

"आपल्याला उन्हाची सवय आहे"

हे वाक्य मला प्रत्येक वेळी ऐकावं लागतं. आपुन मराठवाड्याचे, एप्रिल-मेला ४२ डिग्रीत रानात फिरतो, तिथं तर ३३-३४ च असतंय, त्याला काय घाबरायचं. अरे बाबा, आकडा बघू नका. आपल्याकडं हवा कोरडी असते, घाम आला की लगेच वाळतो, आणि घाम वाळतो म्हणूनच अंग थंड राहतं. किनाऱ्यावर हवेत आधीच एवढी वाफ असते की घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो. पाणी गेलं, मीठ गेलं, आणि अंग काही थंड झालं नाही. त्यात खालनं वाळू तापलेली आणि समोर पाण्याची चमक. आणि मार्चमध्ये कधीकधी जमिनीकडचा गरम वारा उशिरापर्यंत चालतो, समुद्राचा वारा लवकर सुटतच नाही, अशा दिवशी तर तिथं पारासुद्धा वर जातो.

बीडकडचे एक गुरुजी होते आमच्यासोबत, पन्नाशी ओलांडलेले, काटक, रोज पहाटे चालणारे, दौलताबादचा किल्ला न थांबता चढणारे. त्यांच्याकडं एकच लिटरभर पाण्याची बाटली. म्हणले मला चालताना पाणी लागतच नाही. मुरुडच्या पुढं साडेअकराच्या सुमाराला ते बोलायचे बंद झाले. हे मी नेहमी बघतो, बडबडा माणूस गप्प झाला की समजायचं काहीतरी बिघडायलंय. विचारलं तर चिडून बोलले. पोटऱ्यांत गोळे आले, आणि एवढ्या उन्हात हातावर काटा उभा राहिलेला, कातडी गार आणि ओलीचिप्प. तिथनं त्यांना सुरूच्या बनात नेलं, झोपवून पाय पिशवीवर उंच ठेवले, शर्ट काढून ओल्या पंच्यानं अंग पुसत राहिलो, आणि ओआरएस घोट घोट दिलं, एकदम नाही. अर्ध्या-पाऊण तासात माणसात आले, पण त्यांची चाल तिथंच संपली, गावातनं रिक्षा बोलावून त्यांना मुक्कामावर पाठवलं. ते ऐकायला तयार नव्हते, मी म्हणलं गुरुजी, आज तुम्ही विद्यार्थी. आणि एक नीट लक्षात ठेवा, माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, किंवा झोकांड्या जायला लागला तर सुरूच्या बनात उपचार करत बसायचं नाही, अंग ओलं करत करत तसंच दवाखाना गाठायचा.

माझी सवय अशी की माणशी चार लिटर पाणी, त्यातलं एक लिटर ओआरएस घातलेलं. तहान लागायची वाट बघायची नाही, दर वीस-पंचवीस मिनिटाला दोन-चार घोट. डोक्याला टोपी नाही तर आपला रुमाल, आणि गाव लागलं की तो नळाखाली भिजवून परत बांधायचा. बारा ते साडेतीन चालायचंच नाही, सावलीत पडून राहायचं. यावर पोरं कुरकुर करतात की टाइम वाया जायलाय. जाऊ द्या.

भरती-ओहोटी न बघता निघणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि यात आपला दोष एवढाच की आपल्याकडं समुद्र नाही. आपल्याला नदी माहिती, धरण माहिती. जायकवाडीचं पाणी वाढायला आठवडे लागतात. समुद्राचं पाणी सहा तासांत वर येतं, सहा तासांत खाली जातं, दिवसात दोनदा, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटांनी पुढं सरकते. त्यामुळं "मागच्या रविवारी आमचे मित्र इथनंच गेले होते" याला काही अर्थ नाही.

हिशोब सोपा आहे, कोकणातली जुनी माणसं हाच सांगतात. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पहाटे पण आणि संध्याकाळी पण. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. त्याच्या पुढं सव्वासहा तास मोजले की ओहोटी. थोडं मागंपुढं होतं, पण दिवस ठरवायला हे पुरतं, आणि तिथी तर घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतेच. निघायच्या दिवशी मात्र मोबाइलवर भरतीचं टेबल बघायचं आणि वर गावात मच्छीमाराला विचारायचं, दोन्ही.

आता गंमत बघा कुठं अडते. सुट्टी कधी मिळते? होळी-धुळवडीला. होळी म्हणजे फाल्गुन पौर्णिमा. म्हणजे उधाणाची भरती, सगळ्यात जास्त चढणारं पाणी, आणि ते बरोबर दुपारी बाराला, तुम्ही खडकात असता तेव्हाच.

अशाच एका धुळवडीला लातूरची चार पोरं आमच्यासोबत होती. कर्द्याच्या पुढं, लाडघरच्या आधी वाळू संपते आणि डोंगराचं टोक खडकासकट पाण्यात गेलेलं आहे. त्या दिवशी ठरलंच होतं की खालनं जायचं नाही, वर चढून सड्यावरनं जायचं. पोरं पुढं निघाली आणि नऊच्या सुमाराला त्या टोकाशी पोचली, बघतात तर खडकाच्या कडेनं घोटाभर पाणी आणि पलीकडं छोटीशी रिकामी वाळू. रीलमध्ये दाखवतात तशी. वर चढायला पाऊण तास, खालनं दहा मिनिटं. गेले खालनं. पलीकडच्या त्या वाळूत बसले, धपाटे खाल्ले, फोटो काढले. पावणेदहाला उठून पुढं बघतात तर पुढच्या टोकावर लाटा फुटायल्यात, कमरेएवढं पाणी. मागं फिरले तर ज्या टोकावरनं आले तेही बंद. पाठीमागं जांभ्याचा सरळ कडा. मोबाइलला रेंज नाही.

आम्ही वरनं चाललो होतो. काजूच्या बागेतले एक काका धावत आले, म्हणले खाली तुमचीच माणसं आहेत का, ओरडतायत. कड्यापाशी जाऊन बघितलं तर चारही पोरं एका कोपऱ्यात दगडाला चिकटून उभी आणि वाळू जवळजवळ संपलेली. काकांना एक घळ माहिती होती, करवंदीनं भरलेली. ते पुढं कोयत्यानं तोडत उतरले, मागनं आम्ही, आणि एकेकाला हात देऊन वर ओढलं. बाराच्या पुढं सगळे वर आले. एकाची नडगी कालवांनी, म्हणजे खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांनी, फाटली होती, दापोलीत नेऊन टाके घालून आणले. दोन फोन आणि एक कॅमेरा समुद्रात. काकांनी पैसे घेतले नाहीत, उलट घरी नेऊन सगळ्यांना चहा पाजला.

पोरं म्हणली, "सर, आम्ही गेलाव तवा पाणी लई लांब होतं हो." प्रत्येक वेळी हेच असतं, आणि ते खोटं बोलत नसतात. पाणी एकसारखं चढत नाही. ओहोटीनंतर पहिल्या तासात चढायचं ते एकूण चढावाच्या बाराव्या हिश्शाएवढंच, दुसऱ्या तासात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे सगळ्या चढावातला अर्धा चढाव मधल्या दोन तासांत. पहिल्या तासात बघणाऱ्याला वाटतं की हे काय, हलतच नाही, आणि मग ते एकदम अंगावर येतं. त्यामुळं पाण्याकडं बघून ठरवायचंच नाही, घड्याळाकडं बघून ठरवायचं.

मी काय करतो ते सांगतो. ओहोटीची वेळ बॉलपेनानं मनगटावर लिहितो, पाकिटातल्या चिठ्ठीवर नाही. खडकाचं टोक ओहोटीच्या आधीच्या तासाभरात पार करतो, म्हणजे पाणी अजून उतरत असतं आणि काही अडलं तरी हातात वेळ राहतो. आणि टोकापाशी गेल्यावर खडक बघतो. पांढरी कालवं जिथपर्यंत चिकटलेली दिसतात तिथपर्यंत पाणी चढतंच. ती रेघ तुमच्या छातीच्या वर असली आणि वेळेची खात्री नसली तर परत फिरायचं. दिवस निवडायचा तर षष्ठी ते अष्टमी, तेव्हा ओहोटी पावणेअकरा ते सव्वाबारामध्ये पडते, अंजर्ल्यातनं सहाला निघालं की बरोबर बसतं. फक्त तेव्हा भांगाचे दिवस असतात, पाणी जास्त चढत नाही तसं जास्त उतरतही नाही, म्हणून काही टोकं पूर्ण उघडी पडत नाहीत. तिथं वरचीच वाट. शॉर्टकट म्हणून समुद्राच्या कडेनं जाणं याला मी शॉर्टकट म्हणतच नाही.

बूट

नवे कोरे ट्रेकिंग शूज घेऊन येतात आणि दुपारपर्यंत टाचेला फोड. आणि दुसरी पार्टी, बीचवर कशाला बूट म्हणून चपलेवर नाही तर अनवाणी. दोन्ही चूक. ओल्या खडकावर हिरवं शेवाळ असतं, त्याच्यावर कोणताच बूट धरत नाही, त्यामुळं हिरव्यावर पाय द्यायचाच नाही, काळ्या खरखरीत दगडावर द्यायचा. आणि कालवं ब्लेडसारखी कापतात. जुने, पायात बसलेले, पातळ बूट आणि तीन जोड मोजे आणा. मुरुडला पोचलं की मोजे काढून झटकायचे, पाय पुसायचे, कोरडे मोजे घालायचे. पाच मिनिटांचं काम आहे पण "पुढं करू" म्हणतात, आणि पुढं लंगडत येतात. कोरड्या भुसभुशीत वाळूतनं चालू नका, पाण्याच्या कडेची ओली घट्ट पट्टी धरा. तरीसुद्धा ताशी तीन किलोमीटरच धरायचे, रोडवरचे पाच इथं होत नाहीत.

बाकीचं भराभर सांगतो.

खाडीच्या मुखातनं चालत पलीकडं जायचा विचारसुद्धा नको, गुडघाभर दिसणारं पाणी आत ओढतं. पूल आहे, पुलावरनं या. हर्णैला मासळीचा लिलाव बघा पण दुपारी भरपेट सुरमई थाळी खाऊन परत चालायला लागू नका, थाळी रात्री खा. चालताना आपले धपाटे, दशम्या, गूळ-शेंगदाणे एकदम बेस्ट, ठेचा मात्र घरी ठेवा, पाणी दुप्पट लागतं. दमलेल्या अंगानं समुद्रात पोहू नका, दारू पिऊन तर अजिबात नाही. अंजर्ल्याच्या वाळूत या दिवसांत कासवांची घरटी जाळीनं राखलेली असतात, तिथं लांबनं बघा, पिल्लं बाहेर पडत असली तर टॉर्च-फ्लॅश बंद, उचलून फोटो तर कधीच नाही. गडग्यावरनं, म्हणजे दगडी कुंपणावरनं, उडी मारून कुणाच्या आमराईत शिरू नका. वर्षभराचं उत्पन्न तिथं झाडावर लटकलेलं असतं आणि राखणदार ओरडला की आपलीच माणसं त्याच्याशी हुज्जत घालतात, हे बघून मला फार लाज वाटते. "काका, पाखाडी कुठनं जाते?" (पाखाडी म्हणजे तिकडची दगडी पायवाट) एवढं विचारलं की लोक स्वतः सोबत येऊन रस्ता दाखवतात. शिमग्यात गावोगावी पालख्या नाचत असतात, चाकरमानी आलेले असतात, खोल्या मिळत नाहीत, आधी फोन करून ठेवा.

आणि शेवटची, जी नवखे ग्रुप हमखास करतात. गाडी अंजर्ल्यात लावलेली आणि आपण संध्याकाळी लाडघरला. मग तिथं अंधारात रिक्षा शोधत फिरतात. एक तर गाडी आदल्या रात्रीच लाडघरला नेऊन ठेवा आणि पहाटे रिक्षानं अंजर्ल्याला जा, नाही तर परतीच्या एसटीची वेळ आदल्या दिवशी दापोली स्टँडवर स्वतः जाऊन विचारा. त्या रात्री परत निघायचं नाही. दिवसभर चाललेल्या ड्रायव्हरला ताम्हिणी घाटातनं रात्री गाडी चालवायला लावणारे ग्रुप माझ्याकडं सल्ला मागायला येऊ नका. तिथंच झोपा, सकाळी बुटातली वाळू झटकून, गोड्या पाण्यानं धुऊन वाळत टाका, नाष्टा करा, मग निघा.